चार दुकानं सोडून

सार्पीच्या सरहद्दीवर, समुद्राकडे पाठ करून,
एक कस्टम दलालाचं ऑफिस: दोन खोल्या, पाच संगणक,
प्रिंटर एकच, सगळ्यांचा मिळून.
मला बोलावलं तेव्हा बाहेर अकरा ट्रक उभे होते
आणि त्यातल्या एकात संत्री.

"एक पान निघायला सहा मिनिटं लागतात," मनुचार म्हणाला,
"आता तुम्हीच सांगा संत्र्यांना थांबायला."

आधी मी केबलवर संशय घेतला.
संशय घ्यायला केबल बरी, उलट बोलत नाही.
तिजोरीच्या पायाखाली ती चेपलेली होतीच,
रस्त्यावरच्या सापासारखी चपटी.
नवी टाकली.
पान सहा मिनिटांनी आलं.

मग रांग उपसली.
सेफेर नावाच्या तुर्की ड्रायव्हरचा एकच दाखला
रांगेत चौदा वेळा उभा होता.
वाट पाहून वैतागलेल्या लमाराने
पुन्हा पुन्हा बटण दाबलेलं.
घाई करणाऱ्यानेच वाट अडवली होती,
पण हे मी तिला सांगितलं नाही.
तिच्या हातात उकळती कॉफी होती.

रांग रिकामी. प्रिंटर पुसून लख्ख.
तरी सहा मिनिटं.

मग मी सगळ्यांना गप्प केलं,
म्हणजे माणसांना नव्हे, यंत्रांना,
एकेकाची वायर काढून.
उरलेल्या एकाच संगणकाचं बोलणं
ओळीओळीने वाचत बसलो.

छापायचं म्हटलं की तो आधी हाक मारायचा:
अवतंदिल, आहेस का?
थांबायचा.
अवतंदिल?
थांबायचा, आधीच्या दुप्पट.
अवतंदिल?
आणि कुणीच ओ देत नाही म्हटल्यावर
शेजारच्या प्रिंटरकडे मुकाट वळायचा.
पाचही तसेच. दर पानाला.

"अवतंदिल कोण?" मी विचारलं.

स्टेपलरचा आवाज बंद झाला.
लमारा कोरडीच बशी पुसू लागली.
मनुचार खिडकीतून ट्रक मोजत राहिला, अकराचे अकरा.
शेवटी हिशेबाची एतेरी, मान वर न करता:
भागीदार होता. तीन वर्षं झाली.
रंगीत प्रिंटर टॅक्सीच्या डिकीत घालून घेऊन गेला,
अर्धी गिऱ्हाइकं नेली, शिक्क्याची शाईसुद्धा.
त्याचं नाव इथे घ्यायचं नाही, असं ठरलंय.

ठरलं होतं ते माणसांचं.
यंत्रांना कुणी कळवलंच नव्हतं.

पडद्यावर चौकट आली:
हा प्रिंटर कायमचा काढून टाकायचा का?
मी मनुचारकडे पाहिलं.
त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.
"जकातीचा फॉर्म भरायला," तो म्हणाला,
"मला त्यानेच..."

तेवढ्यात सेफेर,
ज्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं,
काउंटरवरून वाकला
आणि माझ्या खांद्यावरून हात घालून
त्याने एन्टर दाबलं.

पान आलं. दाबल्याबरोबर आलं, गरम गरम.
आत लमाराची दुसरी कॉफी उतू गेली,
तिचा अंदाज सहा मिनिटांचा होता.

उरलेले चार मीच पुसले, कुणाला न विचारता.
संत्री गेली. त्यामागे लाकूड गेलं, फरशा गेल्या.

पैसे देताना मनुचारने विचारलं, नेमकं झालं काय होतं?
"जुनं नाव अडकलं होतं."
"हं." त्याने नोटा दोनदा मोजल्या.
दारापर्यंत सोडायला आला, आणि तिथे, आवाज खाली आणून:
"तिकडे, त्याच्या मशीनवर...
आमचं असेल का अजून?"

माहीत नाही, म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
अवतंदिलचं ऑफिस इथून चार दुकानं सोडून आहे.
त्याच्याकडेही छपाई फार संथ चालते म्हणे.
मंगळवारी बोलावलंय.